लूथर मेबिनची ओळख करून देताना

"गर्गे, तुम्हाला ते जाझ का काय म्हणतात ते कळतं ना?" टिपणीससाहेबांनी विचारलं.

मी आमच्या कंपनीच्या खरेदी विभागात होतो. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की विषय एकतर तांब्याच्या तारेचा असायचा, नाहीतर न आलेल्या मालाचा. सातपूरच्या त्या कारखान्यात असा प्रश्न मला कुणी विचारेल ही आशा मी सोडूनच दिली होती. मी खुर्चीत सरसावून बसलो.

"कळतं म्हणजे काय साहेब, कळण्याचेही प्रकार असतात. सर्वसाधारणपणे लोक ज्याला जाझ समजतात..."

"एवढं नको. आपले डेन्मार्कचे भागीदार नव्या प्लांटच्या उद्घाटनाला येताना एक वाजवणारा घेऊन येताहेत. म्हातारा आहे. मूळचा अमेरिकन, पण राहतो तिकडेच, ऑरहूसला. मेबिन म्हणून कुणीतरी. त्याच्याकडे बघायला माणूस हवाय."

"लूथर मेबिन?"

"असेल."

"टेनर सॅक्सोफोन?"

"मला पितळी वस्तू एवढंच सांगितलंय. विमानात वेगळी जागा लागते म्हणे तिला."

मी उठून उभा राहिलो. का ते मलाही कळलं नाही. साहेबांना वाटलं मी निघालो, म्हणून त्यांनी पुढची फाईल ओढली.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. त्याच्या आधी काही वर्षं कंपनीनं मला ट्रेनिंगला ऑरहूसला पाठवलं होतं, तेही ऐन हिवाळ्यात. दुपारीच अंधार पडायचा. मी शाकाहारी, भाषा येत नाही, कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी येत नसे. संध्याकाळी खोलीवर जायला नको वाटायचं म्हणून मी एका रेकॉर्डच्या दुकानात शिरून ऊब घेत असे. तिथं दाराशी न खपलेल्या रेकॉर्डचा एक खोका होता. त्यातल्या एका वेष्टनावर ओव्हरकोट घातलेला एक काळा माणूस बर्फात उभा होता. चेहऱ्यावर भाव असे, की बस चुकली आहे आणि पुढची कधी येईल याची त्याला फारशी फिकीर नाही. त्या गावात माझ्याइतका परका दिसणारा तो पहिलाच माणूस. मी ती रेकॉर्ड घेतली.

मग तसल्याच घेत गेलो. अमेरिकेत काळ्या माणसाला मागच्या दारानं आत जावं लागतं म्हणून, कामासाठी, नाहीतर नुसत्या शांततेसाठी ही माणसं युरोपात आलेली. तिथल्या छोट्या छोट्या कंपन्यांनी त्यांना कुठल्यातरी चर्चच्या हॉलमध्ये उभं केलं, साथीला गावातली पोरं दिली आणि रेकॉर्डी काढल्या. प्रती काही शे. अमेरिकेनं त्यांची दखल घेतली नाही, कारण त्या परदेशात निघाल्या होत्या. युरोपनं घेतली नाही, कारण साथीला आपलीच पोरं होती, त्यांच्यात काय ऐकायचं. पण त्यांच्यात जे होतं ते मला न्यूयॉर्कच्या नावाजलेल्या रेकॉर्डमध्ये कधी सापडलं नाही. त्यांना घाई नव्हती. कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं. मेबिन एक सूर लावायचा आणि तिथंच राहायचा, आपल्याच घरात बसल्यासारखा. सुराच्या आधीचा त्याचा श्वास ऐकू यायचा. आणि मागचा तो अनोळखी डॅनिश बेसवाला त्याला अशी साथ करायचा, की वाटावं पुढं चाललेल्या वडीलधाऱ्या माणसाच्या पायाखाली कुणी न बोलता कंदील धरतंय.

शहाण्या माणसानं एवढ्यावर समाधान मानलं असतं. मी नाशकात परत येऊन जाझ श्रवण मंडळ काढलं.

मंडळ रविवारी सकाळी आमच्या बैठकीत भरायचं. नियम माझे. रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही, पाय हलवायचा नाही, चहा आधी घ्यायचा. बोलण्याचा अधिकार फक्त मला, आणि तो रेकॉर्डच्या आधी. ही जी प्रास्ताविकं मी करत असे ती पुष्कळदा रेकॉर्डपेक्षा लांब व्हायची. लोक गळत गेले. जो जाईल त्याच्याबद्दल मी बायकोला म्हणायचो, "हे सगळ्यांसाठी नाहीच मुळी." शेवटी देवळालीचा केकी भाठेना तेवढा उरला. त्याला एका कानानं कमी ऐकू येतं म्हणून तो टिकला, असं वैजयंतीचं मत होतं.

वैजयंती, म्हणजे माझी बायको, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर लोकांची बोलणी जोडून देण्यात गेल्यामुळे घरी आल्यावर ती कमी बोलायची आणि नीट ऐकायची. त्या दिवशी मी तिला बातमी सांगितली.

"कोण येतंय?"

"लूथर मेबिन."

"म्हणजे तो कपाटावरचा? बर्फातला?" ते वेष्टन मी फ्रेम करून लावलं होतं आणि त्यावरची धूळ ती पुसायची. "अजून आहे का तो? तुम्ही इतकं बोलता त्याच्याबद्दल, मला वाटलं गेला असेल."

मेबिनला हॉटेलच्या गार हवेनं छातीचा त्रास व्हायचा, म्हणून त्यानं कुणाच्या तरी घरी सोय होईल का असं विचारलं. मी साहेबांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. तो आला तेव्हा मी हार घेऊन फाटकाशी उभा होतो. गाडीतून एक लहानखुरा, पासष्टी ओलांडलेला माणूस उतरला. अंगात हातानं विणलेला स्वेटर. मी त्याला हार घातला. तो हाराकडे बघून म्हणाला, "धन्यवाद. बाथरूम कुठंय?"

त्याचं पोट बिघडलं होतं. दिल्लीत कुणीतरी मेजवानी दिली होती. वैजयंतीनं त्याला मऊ भात, तूप आणि मेतकूट वाढलं. त्यानं ते खाल्लं, थोडा वेळ ताटाकडे बघितलं आणि पुन्हा मागितलं. मेतकूट म्हणजे काय ते ती त्याला डाळी मोजून समजावून सांगत होती, आणि तो मान डोलावत होता. मी बैठकीत रेकॉर्ड प्लेअरची सुई साफ करत होतो.

तो हात धुऊन बाहेर आला, तेव्हा मी त्याला खुर्चीत बसवलं आणि त्याचीच रेकॉर्ड लावली. समोर बसलो. डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा तो माझ्याकडे वाकून बघत होता.

"बरं वाटत नाही का?" त्यानं विचारलं.

"मी ऐकतोय."

"असं? मला वाटलं तुला वाईट बातमी आली."

तो उठून स्वयंपाकघरात गेला. मी रेकॉर्ड संपेपर्यंत बसून राहिलो, कारण नियम माझाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात उन्हाला बसला होता. उद्घाटन आणखी एका दिवसावर होतं. मी खुर्ची ओढली आणि मनात वर्षानुवर्षं घोळवलेलं बोललो. म्हणालो, "जगानं तुमच्यावर अन्याय केला. तुम्हाला विसरले सगळे."

"कुठल्या जगानं?"

"सगळ्याच. तुमच्या रेकॉर्डी कुणी ऐकल्या नाहीत."

"रेकॉर्डी ना? त्या मी पण फार ऐकल्या नाहीत," तो म्हणाला. "पण ऑरहूसला बंदरापाशी एक हॉल आहे. तिथं मी दर मंगळवारी वाजवतो. मासे विकणारे येतात, दातांचा डॉक्टर येतो, शाळेच्या बाई येतात. तुमच्या कंपनीचा भागीदार, हेनिंग, तो येतो म्हणून तर मी इथं आहे. ते मला इतकी वर्षं ऐकताहेत की मी पुढं काय वाजवणार ते त्यांना माझ्या आधी कळतं. विसरतील तर बरं, असं वाटतं कधी कधी."

आत वैजयंती हसल्याचं मला ऐकू आलं.

"तुला सांगतो मी का आलो ते," तो पुढं म्हणाला. "या वयात मला एकदा अशा लोकांपुढं वाजवायचं होतं, ज्यांना मी कोण, कुठला, काय वाजवतो, काही म्हणजे काही माहीत नाही. नुसता समोर जाऊन उभा राहीन. बघू काय होतं."

"तुम्ही काही काळजी करू नका," मी म्हणालो. "मी त्यांना सगळं समजावून सांगतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, कृतज्ञतेनं.

उद्घाटनाच्या कार्यक्रमात मेबिनची पाळी दीपप्रज्वलनानंतर आणि जेवणाच्या आधी होती. मध्ये थोडाच वेळ होता, कारण प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या मंत्र्यांना पुढं मालेगावचा कार्यक्रम होता. टिपणीससाहेबांनी मला दोन वाक्यांत ओळख करून द्यायला सांगितलं होतं. मी रात्र जागून तयारी केलेली. शिवाय मांडवात सातशे-आठशे माणसं, आणि सगळी बसलेली. जाझ श्रवण मंडळाच्या संस्थापकाला असा समुदाय पुन्हा कधी मिळणार होता?

मी सुरुवात आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून केली.

गुलामांची जहाजं अमेरिकेला पोचवेपर्यंतच बराच वेळ गेला. तिथून कापसाची शेतं, मग चर्च, मग रेल्वे. माझा आवाज लागला होता. मराठीत एक परिच्छेद आणि पाहुण्यांसाठी तोच इंग्रजीत, असं मी चालवलं होतं. शिपायानं माझ्यापुढं पाण्याचा ग्लास आणून ठेवला. मला साहेबांच्या आस्थेचं कौतुक वाटलं. थोड्या वेळानं त्यानं दुसरा आणून ठेवला. व्यासपीठाच्या कडेला मेबिन सॅक्सोफोन मांडीवर घेऊन बसला होता. वाद्याच्या तोंडाला बसवायची वेताची पट्टी ओली राहायला हवी म्हणून तो ती तोंडात धरायचा, काढून बघायचा, पुन्हा धरायचा. मी तेव्हा न्यूयॉर्कच्या टीकाकारांची खरडपट्टी काढत होतो.

"आणि म्हणून," मी म्हणालो, "या थोर कलावंताला बोलूच दिलं गेलं नाही. त्याच्या वाट्याचा वेळ दुसऱ्यांनी खाल्ला. आज, या सातपूरच्या भूमीवर, आपण तो अन्याय..."

तेवढ्यात मंत्री उठून उभे राहिले. त्यांच्यामागून व्यासपीठ उठलं आणि मग सगळा मांडव उठला. मला वाटलं, मेबिनच्या सन्मानार्थ. मी भारावून टाळ्या वाजवायला लागलो. दोन-चार कामगारांनीही वाजवल्या. मग मंत्र्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि कुणीतरी लाउडस्पीकरवरून सांगितलं, की जेवणाची सोय मागच्या शेडमध्ये केली आहे, रांगेत यावं.

मांडव रिकामा व्हायला काहीच वेळ लागला नाही. पुऱ्या तळल्याचा वास येत होता.

मेबिननं पट्टी काढली, रुमालानं पुसली आणि डबीत ठेवली. मी माईकपाशी उभाच होतो. तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "छान बोललास. माझ्याबद्दल मला पुष्कळ नवीन कळलं."

टिपणीससाहेब लांबून माझ्याकडे नुसते बघत होते. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

जीप घरी पोचली. मी थेट आतल्या खोलीत जाऊन कॉटवर पडलो. स्वयंपाकघरात मेबिन वैजयंतीशी बोलत होता, ते ऐकू येत होतं. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. थोड्या वेळानं ती दारात येऊन उभी राहिली.

"तुम्ही त्यांना वाजवूच दिलं नाहीत?"

"वेळ संपला."

"कुणी संपवला?"

मी भिंतीकडे तोंड केलं. ती परत गेली आणि, टेलिफोनवर परगावचा नंबर विचारावा तितक्या सरळ आवाजात, तिनं इंग्रजीत त्याला विचारलेलं मी ऐकलं. "आज संध्याकाळी आमच्या गच्चीवर वाजवाल का? आमच्या कॉलनीतली माणसं येतील. त्यांना तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही."

"काहीच नाही?"

"नावसुद्धा नाही."

"वाजवीन," तो म्हणाला. "एकच अट. तुमच्या नवऱ्यानं ओळख करून द्यायची नाही."

गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढले गेले आणि सतरंज्या पडल्या. थंडीचे दिवस होते, ऊन कलायला लागलं होतं. निवृत्त मंडळी मफलर गुंडाळून आली, बायका लसूण सोलायची ताटं घेऊनच आल्या. वैजयंतीनं केकीला एक्स्चेंजमधून फोन लावून घेतला होता. तो त्याचा मोठा टेपरेकॉर्डर घेऊन आला आणि माझ्या खुर्चीशेजारी स्टुलावर ठेवून त्यानं बटण दाबलं.

"गर्गे, तू आज काही बोलणार नाही, असं ऐकलं," तो म्हणाला. "खरं काय?"

"अट आहे तशी."

"मग मी नवी कॅसेट आणली ते बरं केलं."

माझ्या पलीकडच्या बाजूला शेजारच्या कोतवालकाकू होत्या. मी हाताची घडी घालून, ओठ मिटून बसलो. मेबिन पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिला आणि कुणाला नमस्कार वगैरे न करता त्यानं वाजवायला सुरुवात केली.

अट मी पाळली. ओळख करून दिली नाही. पण काकूंनी मला हळूच विचारलं, "हे काय वाजवताहेत हो?" आता विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे काही प्रास्ताविक नव्हे. मी थोडा त्यांच्याकडे झुकलो आणि दोन शब्दांत सांगितलं. ते त्यांना कळलं नसावं असं वाटलं, म्हणून आणखी दोन सांगितले. मेबिननं एकदा माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा बघितलं. मला बरं वाटलं, की एवढ्या माणसांत तो जाणकाराकडे बघून वाजवतोय. तो टाकीपासून सुटून दोन पावलं पुढं आला.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. मी इतकी वर्षं हे सांगायचा प्रयत्न केला आहे आणि दर वेळी ते कमी-जास्त होतं. त्यानं रेकॉर्डवरचं काही वाजवलं नाही. एक संथ चाल होती, तिकडच्या कोळ्यांची असावी, किंवा नसेल. ती वर चढायची आणि घरी परतल्यासारखी खाली यायची, आणि दर वेळी घर थोडं वेगळं असायचं. बायकांचे लसूण सोलायचे हात थांबले होते. कधीतरी मला आमची आई आठवली, जी त्या आधीच्याच वर्षी गेली होती आणि जिला मी बैठकीत रेकॉर्ड चालू असताना खोकला आला तर आत जायला सांगायचो. एवढंच आठवतं. मग टाकीवरचं ऊन गेलेलं होतं, आणि काकू म्हणत होत्या, "संपलं का हो?" मला त्यांना उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो गेला. जाताना वैजयंतीनं मेतकुटाचा डबा दिला. केकी निरोप द्यायला आला होता. मेबिननं त्याला काहीतरी विचारलं आणि केकीनं ती कॅसेट, जी एकमेव होती, खिशातून काढून त्याच्या हातात ठेवली. मी केकीशी कित्येक महिने बोललो नाही.

"ती कॅसेट तू ऐकायची राहिली म्हणून रागावलास ना?" तो एकदा म्हणाला. "मी घरी जाऊन ऐकली. तुला सांगतो, राहिली ते चांगलं झालं."

मला वाटलं, रेकॉर्डिंग खराब झालं असेल.

त्यानंतर मी ऑरहूसला गेलो तो निवृत्तीच्या आदल्या वर्षी. कंपनीचं काम होतं, वैजयंतीलाही बरोबर नेलं. मेबिनला जाऊन काही वर्षं झाली होती. त्याच्या बायकोचं, इंगेचं, आणि वैजयंतीचं मात्र चांगलं जमलं होतं. कुणी तिकडं जाणारं असलं की वैजयंती मेतकूट पाठवायची, तिकडून लोकरीचे मोजे यायचे. इंगेनं आम्हाला जेवायला बोलावलं.

बंदराजवळचं छोटं घर. इंगे उंच, पांढऱ्या केसांची, सावकाश बोलणारी. जेवणानंतर ती वैजयंतीला म्हणाली, "तुमच्या गावाची एक वस्तू आहे माझ्याकडे. लूथर घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवायचा. रेकॉर्डी त्यानं कुणाला ऐकवल्या नाहीत, पण ही ऐकवायचाच. मला तुमच्याकडून एक गोष्ट समजून घ्यायची आहे."

तिनं कॅसेट लावली. केकीची ती कॅसेट. इतक्या वर्षांनी.

आधी कावळे. खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. मग सॅक्सोफोन, लांबून, मोकळ्या हवेत. आणि मग, सॅक्सोफोनच्या कितीतरी जवळून, एक माणूस बोलायला लागला.

मराठीत बोलत होता. ठासून, कुजबुजीच्या आवाजात. "काकू, हा टेनर बरं का. आल्टो वेगळा. आता हा जो सूर आहे ना, तो जरा मागे ठेवलाय त्यानं, मुद्दाम..." सॅक्सोफोन वर चढला, तसा तोही चढला. "आता बघा हं, लोकांना वाटेल चुकला, पण चुकला नाही..." मेबिन एखाद्या सुरावर थांबला, की ती फट या माणसानं भरलीच.

"कोण हा मूर्ख?" मी वैजयंतीला म्हणालो. "गप्प का बसत नाही?"

वैजयंती माझ्याकडे बघत होती, फार मायेनं. तेव्हा मला आवाज ओळखू आला.

माझे कान तापले. टेप चालूच होती. त्या माणसाला खोकला आला, तेवढ्यात सॅक्सोफोन नीट ऐकू आला आणि जवळ आल्यासारखा वाटला. खोकला थांबला आणि त्यानं पुन्हा सुरुवात केली, पण आता वाक्यं तुटायला लागली होती. "तिकडच्या रेकॉर्डमध्ये हे... म्हणजे काकू, हे त्यांनी..." सॅक्सोफोन त्याच्या अंगावरच आला होता. मोठा नाही, उलट बारीक झाला होता.

इंगेनं बोट वर केलं.

"आता ऐका काकू," टेपवरचा मी म्हणालो, "आता इथं तो..."

आणि पुढं काही नाही. नुसता सॅक्सोफोन. कितीतरी वेळ नुसता तो, आणि कावळे, आणि ती चाल वर जाऊन खाली येणारी. शेवटी एक बाईमाणूस काहीतरी विचारतं आणि तिला कुणी उत्तर देत नाही. तिथं टेप संपली.

"लूथर इथं बोट वर करायचा," इंगे म्हणाली. "म्हणायचा, आमच्या हॉलमध्ये मी वाद्य उचललं की सगळे गप्प होतात. भले लोक आहेत. ते माझ्यासाठी गप्प होतात की सभ्यपणासाठी, ते मला आयुष्यभर कळलं नाही. या एका माणसाला गप्प करायला मात्र मला सगळं काढावं लागलं, जे होतं नव्हतं ते. त्याच्या मते त्यानं याहून चांगलं कधी वाजवलं नाही." ती वैजयंतीकडे वळली. "त्याला एक फार जाणून घ्यायचं होतं. हा माणूस थांबला, तेव्हा तो काय सांगणार होता? कोण आहे हा, ते लूथरनं कधी सांगितलं नाही. ओळखता का तुम्ही?"

"हेच ते," वैजयंती म्हणाली.

इंगेनं माझ्याकडे बघितलं. आधी आश्चर्यानं. मग तिनं उठून माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. एखाद्या फोटोतला माणूस दारात येऊन उभा राहावा, तशी ती बघत होती.

"काय सांगणार होतात तुम्ही?" तिनं विचारलं.

मी खरोखर आठवून पाहिलं. टेनरबद्दल, ऑरहूसबद्दल, श्वासाबद्दल मला अजूनही पुष्कळ सांगता आलं असतं. त्या दोघी थांबल्या होत्या. बाहेर बंदरावर कुठलीतरी बोट भोंगा देत होती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "पुन्हा लावता का?"